लिहून नेलेली माहिती परत यायला हवी

वर्षावास चालू होता. विहारात संध्याकाळचे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन आटोपले, सरणत्तय झाले आणि उपासिका दाराशी चपला शोधू लागल्या. तेवढ्यात कॉलेजच्या दोन मुली आल्या. गळ्यात ओळखपत्रे, हातात छापील फॉर्मचे गठ्ठे. सर्व्हे करायचा आहे म्हणाल्या. त्यांनी पायरीवर बसलेल्या एका आजींना गाठले. घरात माणसे किती, कमावते किती, शिकलेले किती, संडास आहे का, असे प्रश्न सुरू झाले.

आजींनी सगळ्यांची उत्तरे दिली. मग म्हणाल्या, “लिही बाई, लिही. दोन वर्षांमागं पोरं आले होते, त्यांनीबी लिहून नेलं. त्याच्या आधी एक मॅडम आल्या होत्या, त्यांनीबी नेलं. आमच्या घरी संडास आहे का नाही, हे किती जणांना माहीत झालं असंल आता! पण पुढं काय झालं, ते सांगायला कोणी आलं नाही.”

बाया हसल्या. मुली मात्र ओशाळल्या. त्यांचा दोष नव्हता. त्यांना कोणी तरी फॉर्म दिले होते आणि त्या ते भरत होत्या. पण आजींचा प्रश्न आमच्या मनातून जाईना. म्हणून या आठवड्याचे सदर त्या प्रश्नावरच लिहीत आहोत. वस्तीतून माहिती विद्यापीठाकडे जाते. मग विद्यापीठाकडून वस्तीकडे काय येते? आणि काही यावे म्हणून आपण, म्हणजे आपली मंडळे, महिला मंडळे, विहार समित्या, काय करतो?

हा प्रश्न आजच विचारण्याला कारण आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आपल्या राज्यातील पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प आणि समाजसहभागाचे प्रकल्प आले आहेत. त्यांना श्रेयांक आहेत. श्रेयांक म्हणजे पदवीच्या हिशेबात धरले जाणारे गुणच. आमच्या वेळी समाजसेवा करायची ती हौसेने. आता ती मार्कलिस्टवर येते. याचा अर्थ असा की इथून पुढे दरवर्षी फॉर्म घेऊन येणारी मुले वाढणार. त्यांत आपलीही मुले-मुली असणार. ही चांगली गोष्ट आहे. पण मुलाला श्रेयांक मिळाला, कॉलेजच्या अहवालात एक पान वाढले, आणि वस्तीच्या हाती काहीच आले नाही, तर तो व्यवहार एकतर्फी झाला. एकतर्फी व्यवहाराला भागीदारी म्हणत नाहीत.

विद्यापीठाचे काम शिकवणे आणि संशोधन करणे एवढेच, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ सालीच सांगून ठेवले की अध्यापन आणि संशोधन यांच्याइतकीच तिसरी जबाबदारी विस्तारकार्याची आहे. विस्तारकार्य म्हणजे ज्ञान चार भिंतींच्या बाहेर, लोकांच्या कामी आणणे. त्याआधी २४ सप्टेंबर १९६९ रोजी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तेव्हा ३७ विद्यापीठे आणि ४० हजार विद्यार्थी तिच्यात होते. खेडोपाडी मुलांची सात दिवसांची शिबिरे होतात ती याच योजनेची. आपल्या राज्याच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यातही आजीवन अध्ययन व विस्तार हे विद्यापीठाचे काम म्हणून लिहिलेले आहे. तेव्हा विद्यापीठ आपल्या दारी आले तर ते उपकार करायला येत नाही, आपले ठरलेले काम करायला येते. हे आपण ध्यानात ठेवले की बोलण्याची पद्धत बदलते.

खानदेशापुरते बोलायचे तर आपले विद्यापीठ तरुण आहे. १९९० पर्यंत जळगाव-धुळ्याची कॉलेजे पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. एखादे प्रमाणपत्र अडले तरी पुण्याची वारी करावी लागे. १५ ऑगस्ट १९९० रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले आणि विद्यापीठ गिरणाकाठी आले. २०१८ साली त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. शाळेची पायरी न चढलेल्या, शेतात राबणाऱ्या बाईचे नाव विद्यापीठाला मिळणे ही साधी गोष्ट नाही. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही ज्ञान असते, हे त्या नावातच कबूल केलेले आहे. आमचे म्हणणे एवढेच, की नावात जे कबूल केले ते कामातही उतरावे.

ते कामात कसे उतरते याचे एक उदाहरण आपल्याच राज्यात, पुण्यात आहे. ते सविस्तर सांगतो, कारण ते आपल्यासारख्याच बाया-माणसांचे आहे.

पुण्याच्या रस्त्यांवर पाठीला पोते लावून कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या हजारो बाया होत्या आणि आहेत. त्यांतील बहुसंख्य आपल्याच, दलित समाजातील. मराठवाड्यात १९७२ चा दुष्काळ पडला, गाव सुटले, शहरात दुसरे काम मिळेना, तेव्हा अनेकींनी उकिरडा धरला. १९९० च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या, म्हणजे धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या एस.एन.डी.टी.च्या, प्रौढ व निरंतर शिक्षण विभागातील कार्यकर्त्या त्यांच्या वस्तीत गेल्या. लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने ही त्यांतील दोन नावे. त्या गेल्या होत्या अक्षरे शिकवायला. सरकारी योजना तशीच होती.

पण त्या फळा-खडू घेऊन बसून राहिल्या नाहीत. पहाटे बायांबरोबर फेरीला गेल्या. तेव्हा त्यांना कळले की या बाईची अडचण आधी ‘अ-आ-ई’ची नाही. ओला, कुजलेला कचरा उपसून त्यातून भंगार काढावे लागते, हातात काच घुसते, कुत्री मागे लागतात, पोलीस चोर म्हणून हटकतात, आणि दुकानदार माल ओला म्हणून भाव पाडतो. बायांना हवे होते ते स्वच्छ, कोरडे भंगार. म्हणून विद्यापीठाच्या या कार्यकर्त्यांनी एका भागातल्या रहिवाशांना ओला-सुका कचरा वेगळा करायला सांगितले आणि सुमारे तीस बायांना विद्यापीठाची ओळखपत्रे देऊन घरोघर सुका माल गोळा करायला लावले. काल ज्या बाईला वॉचमन फाटकाशी हाकलत होता, तीच बाई आज विद्यापीठाचे कार्ड दाखवून आत जाऊ लागली. कागदाच्या एका तुकड्याची ही किंमत आहे.

पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. धंदा दिसला तसा एक खाजगी ठेकेदार गाडी घेऊन त्याच भागात उतरला आणि बायांच्या पोटावर पाय आला. त्या वेळी विद्यापीठाची माणसे ‘आमचा प्रकल्प संपला’ म्हणून निघून गेली असती, तर कोणी काही म्हटले नसते. पण ती थांबली. हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव पाठीशी उभे राहिले. कचरावेचक आईचे पुत्र मोहन ननावरे संघटनेत उतरले. मे १९९३ मध्ये पुण्यात कचरावेचकांची परिषद भरली. आठशेहून अधिक बाया-माणसे जमली आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. विद्यापीठाच्या एका वर्गातून कष्टकऱ्यांची युनियन जन्मली.

त्यानंतर विद्यापीठाने केलेले काम म्हणजे मोजदाद. या बाया शहराचा किती कचरा उचलतात, त्यामुळे महापालिकेचा वाहतुकीचा किती खर्च वाचतो, याचा हिशेब त्यांनी बसवला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या मदतीने झालेल्या २००१ सालच्या अभ्यासात असे निघाले की एक कचरावेचक बाई दरमहा २४६ रुपये किमतीचे श्रम शहराला फुकट देते. आजवर जिला लोक शहरावरचा भार समजत होते, तीच शहराचा भार उचलते आहे, हे आकड्यांनी सिद्ध झाले. महापालिकेने बायांच्या ओळखपत्रांवर १९९० च्या दशकाच्या मध्यातच शिक्कामोर्तब केले होते. या हिशेबानंतर २००२–०३ पासून त्यांच्या आरोग्य विम्याचा हप्ता पालिका भरू लागली. २००८ साली कचरावेचकांच्याच मालकीच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेशी महापालिकेने घरोघरच्या कचरासंकलनाचा करार केला. पुढे अडचणी आल्या, करारांच्या मुदतवाढीसाठी झगडावेही लागले. पण हातात कागद होता, आकडा होता आणि संघटना होती. म्हणून झगडता आले.

या हकिकतीत आम्हाला तीन गोष्टी दिसतात. पहिली, प्रश्न बायांनी सांगितला आणि विद्यापीठाने तो ऐकला. दुसरी, विद्यापीठाची माणसे एका सत्रापुरती नव्हे, वर्षानुवर्षे राहिली. तिसरी, जे मोजले ते बायांच्या कामी येईल असे मोजले आणि त्यांच्या हाती दिले. या तीन गोष्टी जिथे असतील तिथे भागीदारी खरी. यांतील एकही नसेल तिथे फक्त फोटो निघतो.

फोटोची गोष्ट सांगायलाच हवी. आम्ही एका संस्थेच्या कामात असताना एका कॉलेजने आमच्याशी सामंजस्य करार केला. पुष्पगुच्छ झाला, शाल झाली, कराराच्या कागदावर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या, वर्तमानपत्रात बातमी आली. त्यानंतर त्या कॉलेजातून वर्षभर कोणी फिरकले नाही. पुढच्या वर्षी फोन आला तो मागील वर्षी अमुक इतके कार्यक्रम झाल्याचे पत्र हवे म्हणून. कॉलेजांची तपासणी होते, त्यात असे करार आणि असे कार्यक्रम दाखवावे लागतात, हे आम्हाला तेव्हा समजले. खरे सांगायचे तर आम्ही ते पत्र दिले. संबंध बिघडू नयेत म्हणून दिले. आज वाटते, देऊ नये होते. खोट्या पत्राने त्यांची फाईल भरली आणि आमची वस्ती रिकामी राहिली. त्या चुकीत आमचा अर्धा वाटा आहे.

संघटना आणि विद्या यांची जोड ही आपल्याला कोणी बाहेरून शिकवायला नको. बाबासाहेब कोलंबिया आणि लंडनच्या विद्यापीठांतून शिकून आले आणि २० जुलै १९२४ रोजी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. पुढच्याच वर्षी सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह सुरू झाले. १९२८ साली सायमन कमिशनपुढे मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाच्या स्थितीचे निवेदन गेले ते याच सभेच्या वतीने. त्यात नुसते दुःख मांडलेले नव्हते, सरकारी अहवालांतील आकडे काढून सरकारपुढे ठेवलेले होते. संस्था समाजाची, प्रश्न समाजाचा आणि अभ्यास पदवीधराच्या तोडीचा. आपल्या वस्तीतील मंडळाला बाबासाहेब नाहीत हे खरे. पण म्हणूनच तर विद्यापीठ हवे.

आणि विद्यापीठाशी आपले नाते रक्ताचे आहे. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे असा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला, आणि त्याची अंमलबजावणी नामविस्तार म्हणून व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. मधल्या साडेपंधरा वर्षांत घरे जळाली, पोचिराम कांबळे मारले गेले, गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. जगात विद्यापीठाच्या नावासाठी इतके सोसलेला दुसरा कष्टकरी समाज आम्हाला ठाऊक नाही. त्या लढ्यात खानदेशातूनही माणसे गेली होती. ज्या समाजाने नावासाठी एवढे केले, त्याने त्या विद्यापीठाकडून काम करून घेण्यात मागे राहावे, हे बरे नाही.

मग दीपनगरला काय करता येईल? मोठाल्या गोष्टी सोडून देऊ. हाताशी असलेल्या तीन सांगतो.

पहिली धुळीची. भुसावळ-वरणगाव रस्त्यालगतच्या आपल्या वस्त्यांत दोरीवरचे कपडे कोणत्या दिवशी काळे होतात आणि कोणत्या दिवशी होत नाहीत, हे प्रत्येक बाईला ठाऊक आहे. ती धूळ महामार्गाची, वीटभट्टीची, कोळशाची की राखेची, हे मात्र नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. आरोप करणे सोपे आहे, पण मोजल्याशिवाय तो टिकत नाही. जळगावच्या विद्यापीठात पर्यावरण व भूविज्ञानाची प्रशाळा आहे. मोजण्याची साधने तिथे आहेत. आपल्या बायांनी एवढेच करावे. स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर असतेच. ज्या दिवशी धूळ जास्त आली त्या तारखेवर फुली मारावी, घरात कोणाला दम लागला तर त्या तारखेला गोल करावा. सहा महिन्यांची अशी वीस-पंचवीस कॅलेंडरे घेऊन मंडळ विद्यापीठात गेले, तर तिथल्या अध्यापकांना ती परत पाठवता येणार नाहीत. यंत्र त्यांचे, नोंद आपली. दोन्ही मिळून जे निघेल ते खरे असेल, मग ते कोणाच्याही बाजूचे असो.

दुसरी कागदपत्रांची. ठेकेदारीवर जाणाऱ्या आपल्या किती भावांना आपला भविष्य निर्वाह निधी जमा होतो की नाही, हे पाहता येते? किती विधवा बहिणींना निराधार योजनेचा अर्ज कुठे अडला आहे हे माहीत आहे? जळगाव, अमळनेर आणि धुळ्याजवळ मोराणे येथे समाजकार्याची महाविद्यालये आहेत. तेथील विद्यार्थ्यांना आठवड्यातून ठरलेले दिवस क्षेत्रकार्य करावेच लागते. समाजकार्याच्या शिक्षणाची सुरुवातच आपल्या देशात अशी झाली. मुंबईत १९३६ साली निघालेली टाटांची समाजकार्याची संस्था नागपाड्याच्या कामगार वस्तीतील एका सेवाकेंद्रातल्या कामातून उभी राहिली. म्हणजे वस्ती आधी आणि वर्ग नंतर. तेव्हा अशा दोन विद्यार्थ्यांना वर्षभर आपल्या विहारात दर आठवड्याला बसवावे, टेबल-खुर्ची द्यावी, आणि फॉर्म भरून घेण्याऐवजी आपल्या लोकांचे फॉर्म भरून द्यायला सांगावे. माहिती त्यांना आपोआप मिळेल, अनुभवही मिळेल, आणि आपले कामही होईल.

तिसरी आठवणींची. १९३७ च्या जुलैअखेरीस बाबासाहेब न्यायालयीन कामासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले. दरवर्षी ३१ जुलैला आपली हजारो माणसे तेथे जातात, वंदन करून येतात. पण बाबासाहेबांना डोळ्यांनी पाहिलेली, ५६ च्या धम्मदीक्षेला नागपूरला गेलेली, घरातले जुने देव विसर्जित केलेली माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. प्रत्येक वर्षावासाला त्यांतील एक-दोन कमी होतात. त्यांच्या आठवणी कोणाकडे आहेत? नातवाच्या खिशात मोबाईल आहे, पण आजोबांचे बोलणे त्यात कोणी भरून ठेवले नाही. इतिहास आणि मराठीच्या विभागातील मुलांना शिकवून, आपल्या पोरांच्या जोडीने हे काम करता येईल. एक प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात, एक प्रत विहारात. कोणाच्या मृत्यूने ती पुसली जाणार नाही.

आता आपल्या घरातले बोलू. विद्यापीठाला नावे ठेवणे सोपे आहे. पण विद्यापीठाचा अधिकारी जेव्हा विचारतो, ‘तुमची संस्था नोंदलेली आहे का, हिशेब तपासलेले आहेत का, कार्यकारिणी कोणती?’ तेव्हा आपण खाली पाहतो. एका वस्तीत चार मंडळे, चारांचे चार झेंडे, १४ एप्रिलची वर्गणी चार ठिकाणी, आणि नोंदणीचा कागद एकाकडेही नाही. कोठे नोंदणी आहे, पण अध्यक्ष वारले तरी धर्मादाय आयुक्तांकडे नाव त्यांचेच. अशा मंडळाशी कोणी करार करायचा म्हटले तरी कसा करणार? वर्षातून एकदा हिशेब तपासून घेणे, ठराव वहीत लिहिणे, बदल वेळेवर कळवणे, या कंटाळवाण्या गोष्टी आहेत. पण त्यांच्याशिवाय आपण फक्त प्रेक्षक राहतो.

दुसरे असे की विद्यापीठाच्या सभागृहात आपला आवाज हवा. विद्यापीठाची जी अधिसभा असते, तिच्यात नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा सदस्य असतात. त्यांतील एक जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, एक महिलेसाठी आहे. पण पदवी मिळाली म्हणजे मतदार झालो असे नाही. त्यासाठी वेगळा अर्ज भरून नाव नोंदवावे लागते. आपल्या घराघरांत आज पदवीधर आहेत. आई-बापांनी उसनवारी करून शिकवलेले आहेत. पदवीचे प्रमाणपत्र काचेत लावून भिंतीवर टांगले, पण मतदार यादीत नाव घातले नाही, असे होऊ देऊ नका. ज्यांच्या घरी पदवीधर मुलगा, मुलगी, सून आहे त्यांनी त्यांना हे वाचून दाखवावे.

आणि पुढच्या वेळी कोणी फॉर्म घेऊन आले तर त्यांना परत पाठवू नका. चहा द्या, बसवा, आणि आदराने पाच गोष्टी ठरवून घ्या.

१. ही माहिती कशासाठी हवी आहे, ते सगळ्यांसमोर मराठीत सांगावे.

२. प्रश्नांच्या यादीत वस्तीचे स्वतःचे दोन प्रश्न घालावेत.

३. कोणाचेही नाव, आधार क्रमांक, आजारपण त्या व्यक्तीला विचारल्याशिवाय लिहू नये. नाही म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

४. काम संपल्यावर ठरलेल्या तारखेला विहारात येऊन निष्कर्ष वाचून दाखवावेत आणि एक प्रत ठेवून जावी.

५. आपल्या मंडळाने दिलेल्या मदतीचा उल्लेख अहवालात करावा, आणि न झालेल्या कामाचे पत्र मागू नये.

हे एका पानावर लिहा, दोन्ही बाजूंनी सही करा. एक कागद त्यांचा, एक आपला. विहारात त्याची एक फाईल ठेवा. यात भांडण नाही. शिकलेल्या माणसाला शिकल्याची आठवण करून देणे एवढेच आहे.

त्या दोन मुलींचे काय झाले, ते सांगून थांबतो. महिन्याभराने त्यांतील एक पुन्हा आली. एकटीच आली, सुट्टीच्या दिवशी. ती यावल तालुक्यातल्या आपल्याच समाजाची निघाली, हे त्या दिवशी कळले. वहीच्या चार पानांवर तिने हाताने लिहून आणले होते. वाचन संपल्यावर तिने परवानगी मागितली आणि उभी राहून वाचू लागली. आपल्या गल्ल्यांत कोणत्या अडचणी किती घरांत सारख्या आहेत, मुलींचे शिक्षण कोणत्या इयत्तेला आणि कशामुळे थांबते, कोणाकोणाचे निराधारचे अर्ज कोणत्या एकाच दाखल्यावाचून अडले आहेत. नाव कोणाचेही घेतले नाही. बाया ऐकत होत्या. जे दुःख प्रत्येकीला आपल्या एकटीचे वाटत होते ते सगळ्यांचे आहे, हे त्यांनी पहिल्यांदा ऐकले. पुढच्या सोमवारी त्यांतील काही जणी मिळून तहसील कचेरीत गेल्या. एकटी बाई गेली असती तर ‘उद्या या’ ऐकून परतली असती. जणी जास्त होत्या, म्हणून खिडकीवरच्या माणसाने कागद पाहिले. दाखला मिळाला. सगळे प्रश्न सुटले असे नव्हे, पण एक सुटला.

त्या दिवशी आजींनी त्या मुलीला जवळ बोलावले, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “तू परत आलीस गं बाई. लिहून नेणारे लई पाहिले, घेऊन येणारी तू पहिलीच.”

विद्यापीठाने आणि आपण मिळून एवढे करावे, की असे म्हणण्याची पाळी कोणत्याही आजीवर येऊ नये. पोरगी परत येणे ही नवलाची गोष्ट राहू नये.

जयभीम.